दोन कार्यालये, एक प्रकल्प आणि ज्यांच्यामधून विस्तव जात नाही असे दोन व्यवस्थापक

दुवा (प्रश्न)

नमस्कार. गेल्या महिन्यात माझ्याकडे एका सॉफ्टवेअर प्रकल्पाचे नेतृत्व आले. काम दोन कार्यालयांत वाटलेले आहे. एका ठिकाणी नऊ जण आहेत, दुसऱ्या ठिकाणी सात, आणि दोन्हीकडच्या घड्याळांत साडेतीन तासांचे अंतर आहे. मुदत आठ महिन्यांची असून तांत्रिकदृष्ट्या काम फारसे अवघड नाही. अडचण अशी की दोन्ही कार्यालयांच्या व्यवस्थापकांमधून विस्तव जात नाही, आणि या सोळा जणांपैकी एकही माझ्या अधिकाराखाली नाही. सगळ्यांची रजा, बढती आणि वार्षिक मूल्यमापन त्या दोघांच्याच हातात आहे.

वाद तीन वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा एका ग्राहकाचे काम बरेच उशिरा गेले आणि दोघांनीही वरिष्ठांकडे स्वतंत्र अहवाल पाठवून एकमेकांवर खापर फोडले. त्याची चौकशी शेवटाला गेलीच नाही. दोन चांगली माणसे त्या काळात सोडून गेली आणि बाकी प्रकरणाचे भिजत घोंगडे राहिले. आज दोघे एकमेकांशी अत्यंत सभ्यपणे बोलतात, आणि मला त्या सभ्यतेचीच अधिक धास्ती वाटते.

मागच्या आठवड्यातले एक उदाहरण देते. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे एक दोष दुरुस्तीसाठी पाठवला. तो प्राधान्याचा रकाना भरलेला नाही म्हणून परत आला. रकाना भरून पाठवला, तर सोबतची नोंद दुसऱ्या टाइमझोनमधली आहे म्हणून परत आला. तिसऱ्यांदा तो कोणत्या आवृत्तीतला हे स्पष्ट नव्हते, आणि चौथ्यांदा तो स्वीकारला गेला तेव्हा मूळ नोंद करणारा अभियंता रजेवर गेलेला होता. प्रत्यक्ष दुरुस्तीला पाऊण तास लागला, फेऱ्यांना सहा दिवस. दोन माणसांपासून सुरू झालेल्या त्या ईमेलच्या सीसीत शेवटी अकरा नावे होती आणि त्यांत दोन्ही व्यवस्थापकांचे वरिष्ठही होते.

सुरुवातीलाच दोघांना एकत्र बसवून जुना विषय काढावा की त्या खपलीला हात लावू नये? माणसे निवडताना काय पाहावे? आणि दोघांमधला निरोप्या होण्यापासून स्वतःला कसे वाचवावे?

लंबक

आपल्या उदाहरणातला दोष तीन वेळा परत आला याचे मूळ मला दोघांच्या स्वभावापेक्षा कामाच्या वाटणीत अधिक दिसते. एक कार्यालय बांधणी करते आणि दुसरे चाचणी, असे तर नाही ना? तसे असेल तर एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या दोन व्यवस्थापकांसाठी याहून वाईट रचना शोधून सापडणार नाही. चाचणी करणाऱ्याचे कामच चुका काढण्याचे असते, त्यामुळे त्याची प्रत्येक नोंद पलीकडे आरोप म्हणून वाचली जाते आणि मग तिला उत्तर देण्याआधी तिच्यातली त्रुटी शोधली जाते. रकाना भरलेला नाही, ही तशीच सापडलेली त्रुटी.

टप्प्यांनुसार वाटणी टाळून भागांनुसार करावी. प्रत्येक कार्यालयाकडे असा एक अख्खा भाग असावा की ज्याची रचना, बांधणी, चाचणी आणि दुरुस्ती त्याच छताखाली होईल, आणि दोन भागांमधला सांधा शक्य तितका अरुंद असावा. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये मांडलेले निरीक्षण आपल्याला ठाऊक असेलच: संस्थेतली माणसे एकमेकांशी जशी बोलतात तशीच त्यांनी बनवलेल्या प्रणालीची घडण होते. लोक हे निरीक्षण बहुधा तक्रारीच्या सुरात सांगतात. माझ्या मते त्याचा उलटा वापर अधिक उपयोगी आहे. ज्या दोन ठिकाणांमध्ये संवाद कमीच राहणार हे आधीच ठाऊक आहे, तिथे प्रणालीचा सांधाही कमी संवादावर चालेल असाच आखावा.

सांध्याचा करार मात्र बारकाईने लिहावा लागतो. एअरबस ए३८० विमानाचे उदाहरण मी या संदर्भात नेहमी देतो. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर असलेल्या या प्रकल्पात जर्मनी आणि स्पेनमधले अभियंते कॅटिया या आरेखन सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते, तर फ्रान्स आणि ब्रिटनमधले पाचवी. हॅम्बुर्गहून आलेले वायरचे जुडगे तुलूजच्या जुळणी केंद्रात विमानाच्या सांगाड्यात बसवायला घेतले, तर ते नीट बसेनात. २००६ मध्ये एकामागून एक विलंब जाहीर झाले आणि पहिले विमान नियोजित वेळेहून सुमारे दोन वर्षे उशिरा, ऑक्टोबर २००७ मध्ये ग्राहकाच्या हाती पडले. त्या काळात मूळ कंपनी ईएडीएसला एक फ्रेंच आणि एक जर्मन असे दोन मुख्याधिकारी होते, आणि ती दुहेरी रचना २००७ मध्येच मोडीत काढण्यात आली. सगळा दोष त्या रचनेवर टाकणे अन्याय्य होईल, कारण अडचणी इतरही होत्या. परंतु दोन ठिकाणी दोन आवृत्त्या चालू असताना 'तुम्ही आमची वापरा' असे निर्णायकपणे सांगू शकणारा कोणी नसणे, ही गोष्ट आपल्या परिस्थितीच्या फार जवळची आहे.

तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक पान लिहून घ्यावे. दोष स्वीकारण्यासाठी नेमके कोणते चार रकाने भरलेले हवेत, वेळ कोणत्या टाइमझोनमध्ये नोंदवायची, नोंद अपुरी असल्यास ती परत न पाठवता फोन कोणी कोणाला करायचा, हे त्यात असावे. 'परत पाठवणे' ही क्रियाच प्रणालीतून काढून टाकता आली तर आणखी उत्तम. आम्ही एकदा ती काढली होती आणि पहिले आठ दिवस लोक तिच्या आठवणीने व्याकूळ झाले होते.

तिसरी घंटा

वरील सूचना योग्य आहेत, परंतु त्यांना बळ कोठून येणार? ज्या माणसाकडे सोळांपैकी एकाचीही रजा मंजूर करण्याचा अधिकार नाही त्याने लिहिलेले पान दोन्ही व्यवस्थापक आदराने वाचतील आणि बाजूला ठेवतील.

आपल्या प्रश्नात एक पात्र अजिबात दिसत नाही. या दोघांच्या वर जो कोणी आहे, ज्याने तीन वर्षांपूर्वी चौकशी अर्धवट सोडली आणि आता तेच दोघे पुन्हा एका प्रकल्पावर नेमले, तो कोठे आहे? त्याच्याकडून काम सुरू होण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. पहिली म्हणजे माणसांची नावे आणि प्रत्येकाचा किती वेळ प्रकल्पाला मिळणार याचा आकडा. 'योग्य ते मनुष्यबळ उपलब्ध करून दिले जाईल' हे वाक्य चालणार नाही. दुसरी, एखाद्या मुद्द्यावर एकमत झाले नाही तर दोन कामकाजाच्या दिवसांत निर्णय कोण देणार. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, दोघांच्याही वार्षिक मूल्यमापनात या प्रकल्पाच्या संयुक्त निकालाला सारखेच वजन असावे आणि दोघांना गुणही सारखेच मिळावेत. एकाचे अपयश हे दुसऱ्याचे यश ठरत असेल तोवर कितीही बैठका घेतल्या तरी ती वरवरची मलमपट्टीच राहील.

वरिष्ठांनी तिसऱ्या गोष्टीला नकार दिला, तर तेही कळलेले बरे. मग आपण मुदत आठ महिन्यांची मान्य करू नये.

पूर्वपक्ष

मी थोड्या वेगळ्या जागेवरून लिहिते आहे. अशाच एका वादातल्या दोन व्यवस्थापकांपैकी मी एक होते.

बाहेरून पाहणाऱ्यांना आमचा वाद अहंकाराचा वाटत असे आणि तो काही अंशी होताही. परंतु आतून मला तो माझ्या माणसांच्या बचावाचा वाटत होता. मागच्या वेळी माझ्या गटाने रात्री जागून काम केले आणि शेवटी अहवालात नाव आले ते आमच्याच दिरंगाईचे. पुन्हा तसे होऊ द्यायचे नाही, एवढेच माझ्या डोक्यात होते. म्हणून मी प्रत्येक गोष्टीचा लेखी पुरावा ठेवू लागले, आणि माझे पाहून माझा गटही तसाच वागू लागला. पलीकडून येणारी नोंद अपुरी असल्यास ती परत पाठवा, असे मी कोणालाही कधी सांगितले नव्हते. सांगावे लागलेच नाही. आपल्या उदाहरणातला जो अभियंता तीन वेळा नोंद परत पाठवतो, तो बहुधा कोणाच्या आदेशावरून तसे करत नसून आपल्या व्यवस्थापकाचा चेहरा वाचून करतो आहे.

आमच्याकडे साप्ताहिक आढाव्याचा एक तक्ता असे आणि त्याच्या शेवटच्या रकान्याचे शीर्षक होते 'विलंबाचे कारण'. नाव निरुपद्रवी आहे. प्रत्यक्षात तिथे दर आठवड्याला दुसऱ्या कार्यालयाचे नाव लिहिले जाई, आणि बैठकीचा बहुतेक वेळ त्या एका रकान्यावर जाई. नवीन प्रकल्पप्रमुख आले तेव्हा त्यांनी भाषण वगैरे काही केले नाही. रकान्याचे शीर्षक बदलून 'आता कोणाच्या उत्तराची वाट आहे आणि कधीपर्यंत' असे केले, आणि त्यात कार्यालयाचे नाव लिहायला मनाई करून व्यक्तीचे नाव लिहायला लावले. पहिल्या आठवड्यात माझे स्वतःचे नाव तिथे तीन वेळा आले. मला राग आला, पण वाद घालण्यासारखे त्यात काही नव्हते, कारण ती तीनही उत्तरे मी खरोखरच दिलेली नव्हती.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाविषयी. दोघांना एकत्र बसवून जुना विषय काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साक्षीदार समोर असला की प्रत्येक जण आपली बाजू पुन्हा मांडतो आणि मांडता मांडता तिच्यावर अधिक विश्वास ठेवू लागतो. परंतु विषय अजिबातच न काढणे हेही चुकीचे ठरेल. आमच्या प्रकल्पप्रमुखांनी आम्हा दोघांची स्वतंत्र भेट घेतली, आणि मागच्या वेळी काय घडले हे न विचारता एवढेच विचारले की या वेळी कोणती गोष्ट घडली तर तुम्हाला 'पुन्हा तेच सुरू झाले' असे वाटेल. मी सांगितले की मला न कळवता वरिष्ठांकडे तक्रार गेली तर. पलीकडून उत्तर आले होते की कबूल केलेली माणसे मध्येच काढून घेतली तर. या दोन उत्तरांवरून दोन नियम तयार झाले. वरिष्ठांकडे जाण्यापूर्वी एक दिवस आधी दुसऱ्याला फोन करून सांगायचे, आणि माणूस हलवायचा असेल तर दोन आठवड्यांची पूर्वसूचना आणि बदली माणसाचे नाव द्यायचे. आम्ही एकमेकांची माफी मागितली नाही, आजही आमची मैत्री नाही. पण ते दोन नियम शेवटपर्यंत पाळले गेले.

सांधेजोड

लंबक यांच्या मताशी मी अर्धाच सहमत आहे. सांधा अरुंद करण्याचा सल्ला टोकाला नेला तर दोन गट एकमेकांना भेटणारच नाहीत, आणि मग त्यांच्या मनात एकमेकांची जी प्रतिमा उरेल ती व्यवस्थापकांकडून उसनी घेतलेली असेल. दूर बसलेल्या माणसाविषयी आपण किती चटकन वाईट निष्कर्ष काढतो, यावर कॅथरीन क्रॅम्टन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन अतिशय बोलके आहे. दूरस्थ गटांत पलीकडच्या माणसाची परिस्थिती दिसत नाही, मौनाचा अर्थ लावता येत नाही, आणि मग उत्तर न येण्याचे कारण परिस्थितीत न शोधता त्या माणसाच्या वृत्तीत शोधले जाते. पलीकडे सुट्टी असते किंवा नेटवर्क बंद पडलेले असते, आणि इकडे 'हे लोक असेच आहेत' असा निकाल लागलेला असतो. व्यवस्थापकांचे वैर आधीपासून असेल तर या निकालाला पुरावाही लागत नाही.

मात्र 'त्यांना एकत्र आणा, म्हणजे ओळख होईल आणि प्रेम वाढेल' यावरही माझा विश्वास नाही. सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मुलांच्या उन्हाळी शिबिरात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन गटांत आधी स्पर्धा लावून वैर निर्माण केले गेले. मग त्यांना नुसते एकत्र जेवायला बसवले, तेव्हा त्यांनी एकमेकांवर अन्न फेकले. शिबिराचा पाणीपुरवठा बंद पडला आणि तो दोघांनी मिळून शोधून दुरुस्त करावा लागला, बंद पडलेला ट्रक दोघांनी मिळून दोराने ओढावा लागला, अशा कामांची मालिका झाल्यावर मात्र वैर ओसरत गेले. त्या प्रयोगावर पुढे बरीच टीकाही झाली आहे आणि मुलांचे शिबिर म्हणजे कार्यालय नव्हे, हे मान्य. तरीही एक गोष्ट अनुभवाशी जुळते. एकत्र येण्याचे निमित्त हे असे काम असावे जे एकट्याने होऊच शकत नाही, आणि ते एकदाच करून भागत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की बाकीचे काम खुशाल वेगळे ठेवा, परंतु सांध्यावर प्रत्येक कार्यालयातून दोन अशी चार माणसे नेमा आणि त्यांना पहिल्या महिन्यात किमान दोन आठवडे एकाच खोलीत बसवा. परिचयाच्या कार्यक्रमासाठी मुळीच नाही, तर दोन्ही भाग जोडून एक अगदी किरकोळ, पण प्रत्यक्ष चालणारी गोष्ट उभी करण्यासाठी. प्रवासखर्चावरून हरकत घेतली जाईलच. तेव्हा आपले सहा दिवस आणि पाऊण तास यांचा हिशोब पुढे ठेवावा.

ही चार माणसे निवडताना सर्वांत हुशार कोण ते पाहू नका. तीन वर्षांपूर्वीच्या प्रकरणात जी नव्हती, ज्यांना पलीकडचा एखादा तरी माणूस नावाने ठाऊक आहे, आणि जी 'मला कळले नाही' असे न लाजता विचारतात, अशी माणसे घ्यावीत. व्हिडिओ कॉलविषयीही एक सूचना आहे. एका कार्यालयातले सात जण एका खोलीत, एका माइकभोवती आणि पलीकडचे प्रत्येक जण आपापल्या जागेवर, अशी बैठक कधीही घेऊ नये. खोलीतले लोक माइक बंद करून आपसात हसले की पलीकडच्यांना ते आपल्यालाच हसले असे वाटते.

लंबक

सांध्यावर चार माणसे ठेवण्याची दुरुस्ती मला मान्य आहे. माझ्या लेखनात तो भाग राहून गेला होता. फक्त त्या चौघांना सांध्यापुरते निर्णय स्वतः घेण्याचा अधिकार लेखी द्यावा. प्रत्येक गोष्ट आपापल्या व्यवस्थापकाला विचारून सांगतो म्हणणारी चार माणसे म्हणजे चार निरोपे.

दुवा

सर्वांचे मनापासून आभार. वाटणी टप्प्यांनुसारच होती, लंबक यांचा अंदाज अचूक आहे. गेल्या तीन आठवड्यांत जे घडले ते थोडक्यात लिहिते.

वरिष्ठांकडून नावे आणि वेळेचे आकडे लेखी मिळाले, तसेच वादाच्या मुद्द्यावर निर्णय कोणी द्यायचा तेही ठरले. मूल्यमापनाच्या मुद्द्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि शेवटी 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणाले. त्यानंतर मी आठ महिन्यांच्या मुदतीऐवजी पहिल्या तीन महिन्यांचाच आराखडा सादर केला आहे, आणि पुढची मुदत त्यानंतर ठरवू असे त्यात नमूद केले आहे. पूर्वपक्ष यांनी सुचवलेला प्रश्न मी दोघांना स्वतंत्रपणे विचारला. एकाने लगेच उत्तर दिले. दुसऱ्यांनी आधी 'माझ्या मनात तसे काही नाही' असे सांगितले आणि दोन दिवसांनी स्वतःहून फोन करून पाऊण तास बोलले. तो सगळा वेळ मी फक्त ऐकत होते आणि त्यातले काहीही पलीकडे पोहोचवलेले नाही.

एक अडचण उरली आहे. सांध्यासाठी मी ज्या अभियंत्याचे नाव मागितले ती व्यक्ती त्यांच्या कार्यालयातली सर्वांत जाणकार आहे, आणि तिला देण्यास तिच्या व्यवस्थापकांनी नकार दिला. तिच्या जागी सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेला एक मुलगा देऊ केला आहे. हा अडथळा मानून निर्णयासाठी वर न्यावा का?

पूर्वपक्ष

नेऊ नये. पहिल्याच महिन्यात वर गेलात तर माझ्यासारखा व्यवस्थापक पुढचे सात महिने त्याची नोंद ठेवेल. तो मुलगा स्वीकारावा. तो तीन वर्षांपूर्वी तिथे नव्हता, हे सांधेजोड यांच्या कसोटीनुसार त्याच्या बाजूनेच जाते. त्याऐवजी व्यवस्थापकांकडे एवढेच मागावे की त्या जाणकार अभियंत्याचे आठवड्यातून दोन तास ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी या मुलासाठी राखीव असावेत आणि ते तिच्या कॅलेंडरवर आजच दिसावेत. संपूर्ण माणूस नाकारल्यावर दोन तास नाकारणे कोणालाही जड जाते. ते दोन तास जर वारंवार रद्द होऊ लागले, तर मात्र तारखांसह ती यादी घेऊन वर जावे, आणि त्याच्या आदल्या दिवशी त्या व्यवस्थापकांना फोन करावा.